थोरल्या खांबाचा पाय

विड्याच्या तबकातली एक सुपारी निसटली आणि कुणी हात घालायच्या आत लांब दालनाच्या फळ्यांवरून गडगडत स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाली. बैठकीला बसलेल्या सगळ्यांनी ती पाहिली, आणि पाहिली नाही असंच सगळ्यांनी दाखवलं. ती मागच्या भिंतीला जाऊन टेकली तेव्हा रोसमानियारनं, सगळ्यांच्या रोसनं, उठून उचलली, ओढणीनं पुसली आणि तबकात परत ठेवली. घर एका अंगाला कललंय हे आता चुलीपाशी झोपणाऱ्या मांजरालाही ठाऊक होतं. रस्सा वाढला की वाडगा हातात धरून बसावं लागे. पण दातुक समोर असताना ते तोंडानं कोण बोलणार?

दातुक सिंदो म्हणजे रोसचा सख्खा थोरला भाऊ आणि साऱ्या कुळाचा प्रमुख. चारचौघांत ती त्याला दातुक म्हणे, अहोजाहो करी; दोघंच असली की उदा, म्हणजे दादा. रिवाजाप्रमाणे तो राही बायकोच्या घरी, ओढ्यापलीकडे. पण शुक्रवारचा नमाज आटोपला की बहिणीच्या या मोठ्या घराकडे त्याची फेरी ठरलेली. आला की आधी वाकून घराखाली शिरायचा, थोरल्या खांबाच्या बुडाशी छडी आपटायचा आणि म्हणायचा, "पक्कं आहे!" मग वर येऊन कॉफीच्या पानांचा काढा प्यायचा. त्या मोठ्या भूकंपानंतर खांबांच्या बुडाशी सिमेंट ओतून घेतलं होतं ते त्यानंच, आणि त्याचा त्याला कोण अभिमान.

त्याआधी घराचे सगळे खांब नुसते सपाट दगडांवर उभे असत. पुरलेले नाहीत की बांधलेले नाहीत. धरणी हलली की घर दगडांवर जरा डोलायचं आणि पुन्हा बूड टेकून बसायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती त्याला. पण त्या भूकंपात एक खांब दगडावरून वीतभर सरकला आणि दातुकनं असा धसका घेतला, की त्यानं सगळे पाय सिमेंटात बसवून टाकले. घर जागचं हलू नये, एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं. घर हललं नाही. सिमेंटात पाणी मात्र मुरलं, बाहेर पडायला वाट न मिळून तिथंच राहिलं, आणि खांब आतल्या आत कुजत गेले.

रोसला हे कधीचंच कळलं होतं. ती गप्प बसली होती, आणि अजूनही बसली असती. पण भाताची कापणी झाली की तिच्या लेकीचं, विरदाचं लग्न होतं. लग्नाचं सारं गाव या दालनात जेवायला बसणार, नवरदेव रिवाजानं याच घरी राहायला येणार, आणि नव्या नवरीची टोकाची खोली विरदाला मिळणार. या पिढीत घरात मुलगी म्हणाल तर ही एकच. रोसच्या धाकट्या बहिणीला, देस्नीला, तीन मुलगे. मुलगे काय, लग्न करून बायकांच्या घरी जाणार. विरदा इथं नांदली तर घर नांदलं. ती नवऱ्याबरोबर शहरात भाड्याच्या खोल्यांत गेली तर रोसनंतर या दाराला आतून कडी घालायला कुणी उरत नव्हतं. ही गोष्ट आठवली की रोसची झोप उडायची.

"मी काय म्हणते दातुक," देस्नीनं सुरुवात केली. ती पेकानबारू शहरात खानावळ चालवायची आणि बोलतानाही सारखी गिऱ्हाइकांची पानं मांडत असल्यासारखी घाई करायची. "पाडून टाका हे सगळं. विटांचं घर बांधू. संडास आत, फरशी, नळ. माझे गुडघे बघा, हा जिना चढताना देव आठवतो."

"खानावळीतलं रंदांगचं मटण कमी खाल्लंस तर जिन्यालाही बरं वाटेल," रोस म्हणाली.

"उनी," थोरल्या बहिणीला देस्नीची हीच हाक, "तू हस. छप्पर डोक्यात पडेल तेव्हा हस. आणि लग्नाचं म्हणशील तर तालुक्याला कार्यालयं पडलीत. पंखे असतात."

"आणि जावयाला राहायला कुठं नेऊ? कार्यालयात?"

"पेकानबारूला त्याची नोकरी आहे की! दोघं राहतील मजेत. विरदा, तुला आवडेल ना पेकानबारू?"

विरदा काढ्याच्या करवंट्या भरत होती. मामासमोर आपलं मत सांगणं तिला शोभलं नसतं. तिनं मावशीच्या करवंटीत जरा जास्तच गरम काढा ओतला आणि आत गेली. ती मागच्या दारापाशी थांबलेली रोसला दिसत होती.

रोसला देस्नीची काळजी नव्हती. देस्नी असंच बोलणार हे ती धरूनच होती. या घरात हात वर करून डोकी मोजायची पद्धत नाही. सगळ्यांच्या माना हलल्या तरच निर्णय, एकाची जरी अडली तरी घोडं तिथंच. आणि दातुक काही घर पाडू देणार नाही, याची तिला खात्री होती. याच दालनात तो चालायला शिकला होता. याच दालनात त्याच्या डोक्यावर दातुकपदाचं मुंडासं बांधलं होतं.

दातुकनं सुपारी कातरली, पानावर चुना फिरवला. मग म्हणाला, "देस्नी बोलतेय त्यात तथ्य आहे."

रोसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"घराचं वय झालं," दातुक कुणाकडेच न बघता म्हणाला. "वय झालेल्याला किती उपचार करायचे? पाडू. शिंगांसारखं वर वळलेलं छप्पर नव्या घरालाही करता येतं. पत्र्याचं."

देस्नी स्वतःच चकित झाली. जिंकायची तयारी नसताना जिंकल्यावर माणूस होतो तशी ती बावचळून बहिणीकडे बघायला लागली. सुतार जामारिसला रोसनं मुद्दाम बोलावून बसवलं होतं. त्यानं आवाज खाली ठेवून सांगितलं, "दातुक, पाडायची वेळ नाही आलेली. वरचं लाकूड खणखणीत आहे. फक्त पायांचं बघावं लागेल. म्हणजे सिमेंट फोडून–"

"सिमेंटला काही झालेलं नाही!"

एवढ्या जोरात दातुक या दालनात कधी बोलला नव्हता. जामारिस आपल्याच चपला कुठं ठेवल्या आठवत असल्यासारखा दाराकडे बघत राहिला. आणि तेव्हा रोसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घर पाडलं तर सगळं एकदम मातीत जाणार होतं, खांब काय, सिमेंट काय. कुणी ते फोडून आत बघणार नव्हतं. म्हणजे तिच्या भावाला ठाऊक होतं. कधीपासून कोण जाणे, पण ठाऊक होतं. तिला त्याचा असा राग आला, की काढ्याची करवंटी खाली ठेवताना सांडली.

बैठकीच्या खालच्या टोकाला, दाराजवळ, तिचा नवरा बसला होता. त्याच्या पदवीचा अर्थ श्रीमंत राजपुत्र असा, सुतान कायो. खिशात मात्र कायम खिळे. जावई या घरात पाहुणा. त्याला मान भरपूर, जेवताना पहिला तुकडा त्याचा, आणि घराच्या कारभारात काडीचाही शब्द नाही. गेली काही वर्षं हा पाहुणा गुपचूप घराखाली शिरून नारळाच्या खोडाचे टेकू लावत होता. कुणी विचारलं तर म्हणायचा, कोंबड्यांची अंडी शोधतोय.

त्यानं घसा खाकरला. सगळे वळले.

"या घरातलं मी काय बोलणार," तो म्हणाला. "पण बसल्या बसल्या माझ्या आईच्या घरची एक गंमत आठवली. आमचं भाताचं कोठार होतं. माझ्या मामांनी फार मायेनं त्याच्या पायांना डांबर फासलं, वाळवी लागू नये म्हणून. वाळवी नाही लागली. पण लाकडाचा आतला घाम बाहेर पडेना. मामा रोज येऊन कोठार थोपटायचे. आम्ही पोरं काही बोललो नाही. मामांची माया मोठी होती ना. मग एके दिवशी कोठार बसलं खाली, भातासकट." "नंतर मामाच म्हणाले, अरे, एकानं तरी सांगायचं होतं."

हे सगळं त्याच्या आईच्या कोठाराबद्दल होतं, त्यामुळे कुणाला त्यात खोट काढता येईना. दातुकचा चेहरा पडला. तो उठला, छडी घेतली. "तळ्यातले मासे बघून येतो," असं पुटपुटत जिना उतरला.

"झालं!" देस्नी दबक्या आवाजात म्हणाली. "सुतान, काय हे? आता ते महिनाभर फिरकायचे नाहीत."

सुतान कायोनं खिशातले खिळे चाचपले. आयुष्यभराची बोलणी एका दमात संपवल्यासारखा तो घामेजला होता.

रोस खाली गेली. मासे बघायला दातुक तळ्याकडे गेलाच नव्हता. घराखालच्या सावलीत, सरपणाच्या मोळ्यांमागे तो थोरल्या खांबाला पाठ लावून बसला होता. लहानपणी आई मारायला निघाली की दोघं तिथंच येऊन लपायची.

"उदा, तुला माहीत होतं."

"काय?"

सुतानची कोयती टेकूला अडकवलेली होती, ती तिनं काढली. सिमेंटाच्या कडेशी, खांब जिथं आत शिरत होता तिथं, तिनं पातं दाबलं. जोर लावावाच लागला नाही. पातं मुठीपर्यंत आत गेलं, आणि ओढलं तेव्हा त्यावर काळा, ओला भुसा होता. त्या ओल्या भुशाचा वास दोघांनाही आला.

दातुक तिकडे बघत नव्हता. "गेल्या रमजानात कळलं," तो म्हणाला. "छडी आपटली तर आवाज पोकळ आला. वाटलं, छडीच चिरली असेल. नवी छडी आणली." मग त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"विरदा शाळेत होती तेव्हा."

"इतकी वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू! दर शुक्रवारी यायचास, छडी आपटायचास, पक्कं आहे म्हणायचास. वर येऊन किती खुशीत काढा प्यायचास. तो चेहरा बघून कुणाची जीभ उचलली असती?" तिला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही राग आला. "तू सांगितलं नाहीस, मी सांगितलं नाही. एकमेकांना जपता जपता आपण आईचं घर कुजवलं, उदा. आणि आता तू ते पाडायला निघालास. का, तर लोकांनी तुझं सिमेंट उघडून बघू नये म्हणून!"

एक कोंबडी मधून चालत गेली. दातुकनं सिमेंटावरून तळवा फिरवला. थोरल्या खांबाच्या बुडाशी, ओलं असताना, त्यानं खिळ्यानं अक्षरं कोरली होती: दातुक सिंदो. शेजारी तेव्हाचं साल.

"सारं गाव येणार रोस, खांब उचलायला. घर उचलायचं म्हणजे गावाचं काम. सगळे बघणार. ज्यानं कुळ सांभाळायचं त्यानंच कुळाचं घर कुजवलं, असं बोलतील. उद्या मी कुणाच्या तंट्यात निवाडा द्यायला कोणत्या तोंडानं बसू?"

ही भीती खोटी नव्हती. रोसला ते समजत होतं, म्हणूनच तिचा राग टिकेना. ती त्याच्या शेजारी मोळीवर बसली. समोर तळं होतं. तिथल्या चिखलात आईनं जुहा नावाच्या झाडाचे दोन ओंडके बुडवून ठेवले होते, ही मुलं लहान असताना. चिखलात वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड लोखंडाच्या तोडीचं होतं, असं आई म्हणायची. आपल्या पुढच्यांना कधी लागलंच तर असावं.

"आईच्या ओंडक्यांचं काय करायचं?" रोस हळूच म्हणाली. "घर पाडलं तर ते कुणासाठी?"

दातुक छडीनं मातीत रेघोट्या ओढू लागला.

"समज, आई तुझ्या स्वप्नात आली," ती म्हणाली. "आणि म्हणाली, माझे ओंडके कधी काढताय? मला तळ्यात उभं राहून गार वाजतंय. स्वप्नाला कोण काय विचारणार? आईनं मागितलं, आपण काढले, खांबांना नवे पाय लावले. त्यात सिमेंट फुटलं तर फुटलं."

"आई कुणाच्या स्वप्नात आली नाही कधी. गेली तशी गेली. मी कितीदा वाट बघितली."

"माहितीय. माझ्याही नाही आली."

त्यानं बहिणीकडे बघितलं. मग छडीवर भार देऊन उठला आणि गुडघ्यावरचा भुसा झटकला.

वर बैठक तशीच खोळंबली होती. दातुक जागेवर बसला, मुंडासं नीट केलं आणि बोलायला लागला. बोलणं हा त्याचा प्रांत. तळ्यावरचं धुकं, आईची तपकिरी ओढणी, तिचे ओले पाय, ती म्हणाली ते शब्द, सगळं त्यानं असं रंगवलं, की दारामागे उभ्या विरदाचे डोळे भरून आले. रोस मान खाली घालून ऐकत होती. तिला ठाऊक होतं यातलं अक्षरही खरं नाही, तरी आईचे ओले पाय तिला दिसत होते.

"तेव्हा," दातुकनं शेवट केला, "आईचा शब्द आहे. ओंडके निघतील. खांबांना नवे पाय लागतील. दगडांवर, पहिल्यासारखे. पाडायचं नाही. कुणाचं काही म्हणणं?"

सगळ्यांच्या नजरा देस्नीकडे गेल्या. तिची मान अडली की सगळंच अडलं. देस्नीनं दातुककडे बघितलं, मग रोसच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. रोसच्या ओढणीवर काळा भुसा लागला होता. देस्नी खानावळीत रोज शेकडो लोकांची तोंडं वाचायची. तिला सांगायची गरज नव्हती.

"माझ्याही आली होती," ती फटकन म्हणाली.

"कोण?"

"आई. परवाच. माझ्यावर ओरडली. एवढ्या सिमेंटाच्या गोण्या पाठवायला तुला कुणी सांगितलं होतं, म्हणाली. माझ्याच होत्या ना त्या! दातुकनी नुसत्या वापरल्या. मी पाठवल्या नसत्या तर त्यांनी काय चिखल ओतला असता?" तिनं नाक पुसलं. "पण नळ हवा उनी. जिन्याखाली एक नळ. त्याशिवाय मी मान हलवणार नाही."

"दोन लावू," रोस म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

ओंडके काढायला सारं गाव आलं. बायका डोक्यावर लामांगच्या, म्हणजे बांबूत शिजवलेल्या चिकट भाताच्या, नळ्या आणि भाताची ताटं घेऊन आल्या, पुरुषांनी तळ्यात उतरून दोर बांधले. पहिला ओंडका चिखलातून वर आला तेव्हा कोळशासारखा काळा होता. जामारिसनं त्याच्यावर कुऱ्हाड टाकली, तर कुऱ्हाडच उसळून मागे आली. लोकांनी आरोळी ठोकली. मग घर उचलायला खाली जॅक बसले. घर कसं कुरकुरलं म्हणता! एकेक फळी तक्रार करत होती. रोस दालनात उभी होती, ओढणीचं टोक दातात धरून. पायाखालची जमीन हळूहळू सपाट होत होती, आणि इतक्या वर्षांत कलतं चालायची सवय झाल्यानं तिचाच तोल जात होता.

जामारिसनं आधीच तजवीज करून ठेवली होती. पहिला घाव कुळप्रमुखाचा असतो, म्हणून त्यानं मागचा, स्वयंपाकघराकडचा खांब निवडला होता. तिथं अंधार होता, माणसं उभी राहायला जागा नव्हती. फुटलं तरी कुणाच्या डोळ्यांवर येणार नव्हतं. हे त्याला रोसनंच सांगून ठेवलं होतं.

दातुक वाकून घराखाली आला. जामारिसनं घण पुढे केला आणि मागचा खांब दाखवला.

"तो नाही," दातुक म्हणाला.

तो थोरल्या खांबापाशी गेला. चहूकडून माणसं वाकून बघत होती. कोरलेलं नाव सगळ्यांना वाचता येत होतं. जामारिस पुटपुटला, "दातुक, इकडचं सावकाश करू आपण, उद्या–"

"इथूनच," दातुक म्हणाला. "हे मी केलं. मीच फोडतो."

एवढंच. धुकं नाही, ओढणी नाही, स्वप्न नाही. त्यानं घण उचलला आणि आपल्या नावावर घातला. पहिल्या घावानं काही झालं नाही. दुसऱ्या घावाला सिमेंट चिरलं. तिसऱ्याला एक मोठा तुकडा सुटून पडला आणि आतून ओला, काळा भुसा भसकन बाहेर आला. मग सुतान कायो पुढे झाला. "द्या, दातुक," म्हणत त्यानं मेहुण्याच्या हातातून घण घेतला. या घरात जावयानं आपणहून काही मागितलं ते तेवढंच.

सुटलेला तुकडा नावासकट अखंड होता. संध्याकाळी लोक पांगले तेव्हा दातुकनं तो स्वतः ओढत नेला आणि जिन्याच्या तळाशी ठेवला, पाय धुवायच्या मडक्याजवळ. नाव वर.

"उदा, इथं कुठं? येणारा जाणारा पाय देईल."

"मग? पाय धुवायलाच ठेवलाय."

तो ओढ्याकडे चालू लागल्यावर रोसनं विरदाला हाक मारली आणि दोघींनी मिळून तुकडा उलटा केला. शुक्रवारी नमाजानंतर दातुक आला, वाकला, बिनबोलता तुकडा पुन्हा सुलटा केला, आणि मग वर येऊन काढा प्याला. छडी त्यानं दाराशीच ठेवली होती. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. विरदाच्या लग्नाआधी तर हा खेळच झाला होता.

शेवटी रोसनं हात टेकले. लग्नात सारं गाव त्या तुकड्यावर पाय धुऊन वर चढलं, नवरदेवसुद्धा. सुपारी कुठंच गडगडली नाही. तुकडा अजून तिथंच आहे, नाव वर. रोस मात्र पाय धुताना बाजूला, मातीत उभी राहते.